टेनिसमध्ये दुहेरीची कारकीर्द कशी उभी करायची

दुहेरीत बक्षिसाचे पैसे दोघांत वाटले जातात, गुण वाटले जात नाहीत. एम-१५ (पुरुषांच्या सगळ्यात खालच्या पायरीची आंतरराष्ट्रीय) स्पर्धा जिंकली की जोडीतल्या प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण १५ गुण पडतात. पण पुढच्या स्पर्धेत घेतील की नाही, हे ठरतं दोघांच्या क्रमांकांच्या बेरजेवर; ती जितकी कमी, तितकं बरं. म्हणजे क्रमवारी तुमची एकट्याची आणि प्रवेश दोघांचा. कोणाबरोबर खेळायचं, कुठे खेळायचं, कोणत्या आठवड्यात घरी थांबायचं, हे सगळं या हिशोबातून निघतं. चांगली व्हॉली (चेंडूचा टप्पा पडण्याआधी मारलेला फटका) असलेले कितीतरी खेळाडू हा हिशोब न मांडल्यामुळे वर्षानुवर्षं ३००च्या आसपास घुटमळत राहतात.

आधी एकेरी, पण किती दिवस?

पंधराव्या-सोळाव्या वर्षी ‘मी दुहेरीचाच खेळाडू होणार’ असं ठरवू नये. लिएंडर पेसने १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं ते एकेरीत. युकी भांब्री २००९ साली ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनियर विजेता होता, २०१८ मध्ये एकेरीत ८३व्या क्रमांकापर्यंत पोचला, दुखापतींनी गाठल्यावर दुहेरीकडे वळला आणि २०२३ मध्ये मायोर्काला लॉइड हॅरिसबरोबर पहिलं एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची मुख्य मालिका) विजेतेपद जिंकला. जोरदार सर्व्हिस परतवण्याची सवय, बेसलाइनवरचा (कोर्टच्या मागच्या रेघेवरचा) भक्कमपणा आणि दमसास हे एकेरीतच तयार होतं. शिवाय बऱ्याच स्पर्धांत दुहेरीच्या प्रवेशासाठी एकेरीचा क्रमांकही चालतो. तो चांगला असेल तर जोडीची बेरीज एकदम खाली येते.

म्हणून २१-२२ वर्षांपर्यंत एकेरी मुख्य ठेवावी आणि प्रत्येक स्पर्धेत दुहेरीही खेळावी. लहान वयात प्रशिक्षक ‘थकशील’ म्हणून मुलांना दुहेरीतून नाव काढायला लावतात, ते चुकतं. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) ज्युनियर क्रमवारीत एकेरीचे सर्वोत्तम सहा निकाल आणि दुहेरीच्या सर्वोत्तम सहा निकालांचे पाव गुण धरतात. दुहेरी सोडली तर तो पाव हिस्सा हातचा गेला, आणि नेटवर उभं राहायची सवय लागली नाही ती वेगळीच.

अमेरिकेतल्या कॉलेज टेनिसचा रस्ता दुहेरीसाठी फार उपयोगी आहे. तिथे संघांची लढत दुहेरीनेच सुरू होते: तीन जोड्या, प्रत्येकी एक सेट, आणि तिघांपैकी दोन जिंकणाऱ्या संघाला एक गुण. त्यामुळे प्रशिक्षकाला दुहेरी येणारा मुलगा किंवा मुलगी हवीच असते. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला आणि २०२४ मध्ये ऋत्विक चौधरी बोल्लिपल्लीबरोबर अल्माटीला एटीपी विजेता झाला. ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून खेळली. तिचा उल्लेख पुढे येईलच.

पूर्ण दुहेरीकडे कधी वळावं? वयाची २४-२५ वर्षं झाली, तीन हंगाम एकेरीचा क्रमांक जागचा हलत नाही, आणि दुहेरीचा क्रमांक त्याच्या निम्म्यावर आहे, म्हणजे एकेरीत ६०० आणि दुहेरीत ३००, तर निर्णय घ्यायची वेळ झाली. त्यानंतर दोन्हीकडे ओढाताण केली की एकेरीच्या पात्रता फेरीत दोन दिवस जातात आणि दुहेरीचा जोडीदार वैतागतो.

कागदपत्रं

अखिल भारतीय टेनिस संघटनेची नोंदणी आणि राज्य संघटनेची (आपल्याकडे महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना, एमएसएलटीए) नोंदणी लागते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी आयटीएफचा आयपिन, म्हणजे खेळाडूचा नोंदणी क्रमांक, काढावा लागतो आणि त्याचं शुल्क दरवर्षी भरावं लागतं. मॅच-फिक्सिंगविरोधी ऑनलाइन प्रशिक्षण सक्तीचं आहे. ते पूर्ण केलंय का, हे प्रवेशाच्या आदल्या रात्री तपासू नये. उत्तेजकांच्या बाबतीत एकच पथ्य पाळावं: खोकल्याचं औषध, प्रोटीन पावडर, घरून आलेलं चूर्ण, काहीही तोंडात घालण्याआधी घटकांची यादी बंदी असलेल्या पदार्थांशी ताडून पाहावी. चूर्णाच्या पुडीवर घटकच लिहिलेले नसतील तर ते घेऊच नये. नमुन्यात काही सापडलं तर ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही.

बेरजेचा हिशोब

पायऱ्या अशा: एम-१५ आणि एम-२५, त्यावर ५०, ७५, १००, १२५ आणि १७५ गुणांच्या चॅलेंजर, त्यावर एटीपी २५०, ५००, १००० आणि शेवटी ग्रँडस्लॅमचे २०००. नावातला आकडा म्हणजे विजेत्याचे गुण. एम-१५पासून एटीपी २५०पर्यंत दुहेरीच्या ड्रॉमध्ये साधारण १६ जोड्या असतात, ग्रँडस्लॅममध्ये ६४. पहिल्या फेरीत हरलं तर शून्य.

याचा अर्थ नीट पाहा. ७५ची एक चॅलेंजर जिंकणं म्हणजे पाच एम-१५ जिंकणं. सोलापूर किंवा थायलंडमधल्या छोट्या स्पर्धांत लागोपाठ अंतिम फेरी गाठणं सुखाचं वाटतं, पण क्रमांक २५०च्या आत आला की तिथे अडकून पडणं महागात जातं. चॅलेंजरला पहिल्या फेरीत चार वेळा हरून पाचव्यांदा स्पर्धा जिंकली, तरी बहुतेक वेळा हिशोब पुढेच असतो.

आता बेरीज. समजा तुमचा क्रमांक १८० आणि मित्राचा २४०. बेरीज ४२०. ज्या चॅलेंजरला जायचंय तिथे गेल्या वर्षी शेवटची जोडी ३६०ला आत आली होती. मित्राबरोबर नाव दिलं तर तुम्ही बाहेर. १६०च्या खेळाडूबरोबर दिलं तर ३४०, आत. म्हणून वहीत प्रत्येक आठवड्यासाठी तीन रकाने करावेत: स्पर्धा, गेल्या वर्षीची शेवटची बेरीज, आणि आपल्याला लागणारा जोडीदाराचा कमाल क्रमांक. ग्रँडस्लॅमच्या आठवड्यात वरच्या जोड्या तिकडे असतात. एकाच आठवड्यात तीन-चार चॅलेंजर असल्या तर गर्दी विभागते. प्रवासाला अवघड गावी प्रवेशयादी ढिली राहते. अशा जागा वहीत आधीच दिसतात.

स्पर्धेत नाव देण्याची मुदत चुकणं ही सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात टाळता येण्याजोगी चूक. प्रत्येक स्पर्धेची फॅक्टशीट (माहितीपत्रक) वाचावी. मुदतीची वेळ कुठल्या देशाच्या घड्याळाने दिली आहे ते पाहावं आणि ती भारतीय वेळेत लिहून ठेवावी. ‘तू टाकलंस ना नाव?’ ‘मला वाटलं तू टाकलंस,’ हा संवाद प्रत्येक जोडीत एकदा तरी होतो. नाव कोण टाकणार हे हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवावं आणि टाकल्यावर लगेच दुसऱ्याला स्क्रीनचा फोटो पाठवावा. यादी लागल्यावर जोडीदार जायबंदी झाला तर तुमचीही जागा जाते. मग अल्टरनेट (राखीव जोडी) म्हणून दुसऱ्या कोणाबरोबर उभं राहता येईल का, हे स्पर्धेच्या सुपरवायझरला त्याच तासाला विचारावं. दुखापतीमुळे स्वतःलाच सहा महिने किंवा जास्त बाहेर बसावं लागलं तर संरक्षित क्रमवारीसाठी, म्हणजे परतल्यावर प्रवेशासाठी दुखापतीच्या वेळचा क्रमांक धरला जावा म्हणून, अर्ज करता येतो. अनेकांना हे परत आल्यावर कळतं.

जोडीदार

क्रमांक जुळला की झालं, असं नाही. सगळ्यात आधी बाजू. दोघांनाही अ‍ॅड साइडच (परतवणाऱ्याच्या डाव्या हाताची बाजू; उजवी ती ड्यूस साइड) हवी असेल तर जोडी सहसा टिकत नाही. सेट सुरू झाल्यावर रिटर्नची बाजू बदलता येत नाही, त्यामुळे नाइलाजाने ड्यूस साइडला उभा राहिलेला खेळाडू सेटभर अवघडलेला राहतो. अ‍ॅड साइडला ४०-३०, ३०-४० असे निर्णायक गुण जास्त येतात. तिथे डोकं थंड ठेवणारा आणि बॅकहँड रिटर्न पक्का असणारा हवा.

डावरा मिळाला तर सोडू नये. ब्रायन बंधूंमध्ये बॉब डावरा आणि माइक उजवा होता. त्या दोघांनी मिळून १६ ग्रँडस्लॅम आणि एकूण ११९ विजेतेपदं मिळवली. डाव्या-उजव्या जोडीचा रोजचा फायदा अगदी साधा असतो: दुपारी एका टोकाला उजव्याच्या टॉसमध्ये सूर्य येतो, तिथून डावरा सर्व्हिस करतो. वाऱ्याचंही तसंच. समोरच्यांना मात्र दर गेमला चेंडूची उलटी फिरकी ओळखावी लागते.

पहिला करार सहा ते आठ आठवड्यांचा करावा. दोन आठवड्यांत काहीच कळत नाही. तोंडी का होईना, पण इतकं ठरवून घ्यावं: एकेरी कोण खेळणार आणि दोन्ही एकाच दिवशी आलं तर काय करायचं, फिजिओचा खर्च कसा वाटायचा, आणि वरच्या क्रमांकाच्या कोणी विचारलं तर काय. विचारणारच आहेत. त्या वेळी आधी जोडीदाराला फोन करावा. दुसऱ्याबरोबरचं आपलं नाव त्याने यादीत वाचणं वाईट. हे जग लहान आहे, आणि दोन वर्षांनी त्याचाच क्रमांक तुम्हाला लागणार असतो.

जोडी टिकली की काय होतं, याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण १९९९चं. पेस आणि महेश भूपती त्या वर्षी चारही ग्रँडस्लॅमच्या अंतिम फेरीत होते आणि फ्रेंच ओपन व विम्बल्डन जिंकले. रोहन बोपण्णा आणि मॅथ्यू एबडन २०२३ मध्ये एकत्र आले, इंडियन वेल्स जिंकले, यूएस ओपनच्या अंतिम फेरीत हरले आणि जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकले. बोपण्णा तेव्हा ४३ वर्षांचा होता आणि त्याच आठवड्यानंतर तो दुहेरीत जगात पहिला झाला.

कोर्टवर: सर्व्हिस आणि नेटवरचा माणूस

दुहेरीचं कोर्ट १०.९७ मीटर रुंद, म्हणजे एकेरीपेक्षा दोन्ही बाजूंना १.३७ मीटरची पट्टी जास्त. एकेरीतून आलेला खेळाडू ही पट्टी पाहून बाहेरच्या कोनात सर्व्हिस करत सुटतो आणि तिथेच फसतो. चेंडू जितका बाहेर, तितका परतीचा कोन मोठा, आणि नेटवरच्या जोडीदाराची बाजू उघडी. दुहेरीची मुख्य सर्व्हिस दोन ठिकाणी असते: मधल्या रेघेवर आणि अंगावर. अंगावर आलेला चेंडू परतवताना हात आखडतो, चेंडू वर येतो आणि नेटवरचा माणूस तो मारतो. सराव असा करावा: ४० चेंडू, १५ मध्ये, १५ अंगावर, १० बाहेर, खुणेचे शंकू ठेवून, आणि किती लागले ते लिहून. पहिली सर्व्हिस दहापैकी सहा-सातदा आत पडत नसेल तर वेग कमी करावा. दुसऱ्या सर्व्हिसवर समोरचा पुढे सरकतो, आणि मग जोडीदार नेटवर असून नसल्यासारखा होतो.

नेटवरच्या खेळाडूने नेटपासून अडीच-तीन मीटरवर, सर्व्हिस बॉक्सच्या मध्यावर उभं राहावं. अ‍ॅली (दुहेरीची बाजूची पट्टी) राखत रेघेला चिकटून उभं राहणं ही क्लबमधली सवय मोडायला महिने लागतात. पोच (जोडीदाराकडे जाणारा चेंडू नेटवर मध्येच जाऊन मारणं) कधी करायचं, याचं उत्तर समोरच्याच्या डोळ्यांत असतं: चेंडू मारण्यासाठी त्याची नजर खाली चेंडूवर गेली आणि रॅकेट पुढे यायला लागली की निघावं. त्याआधी निघालात तर तो पाहतो आणि सरळ रेघेत मारतो. निघायचं ते तिरकं, नेटच्या दिशेने. नेटला समांतर पळालं की चेंडू खाली पडत जातो आणि मग तो खालून उचलावा लागतो. चार पोचमध्ये एक चेंडू बाजूने निघून जाणारच. तो गेला म्हणून पुढचे तीन सोडू नयेत.

पाठीमागे हाताने करायच्या खुणांत दोनच गोष्टी असाव्यात: सर्व्हिस कुठे, आणि मी जातोय की थांबतोय. मूठ म्हणजे जाणं की थांबणं, हे जोडीगणिक वेगळं असतं. नवीन जोडीदाराबरोबर पहिल्याच दिवशी हे विचारून घ्यावं. सर्व्हिस करणाऱ्याने खूण कळल्याचं ‘हो’ मोठ्याने म्हणावं. अंधुक उजेडात अर्धवट दिसलेली खूण दोघांना एकाच बाजूला नेते.

आय फॉर्मेशनमध्ये नेटवरचा खेळाडू मधल्या रेघेवर, नेटच्या उंचीखाली वाकून बसतो आणि सर्व्हिस झाल्यावर ठरलेल्या बाजूला सरकतो. सर्व्हिस करणाराही मधल्या खुणेजवळ उभा राहून उलट बाजू सांभाळतो. यात सर्व्हिस मध्येच टाकावी. बाहेर टाकली तर दोघांमधून किंवा कोनातून परत येते आणि सगळी रचना कोसळते.

पहिली व्हॉली सर्व्हिस लाइनच्या आसपास, बऱ्याचदा पायाशी आलेली असते. ती जिंकण्यासाठी मारायची नाही. रॅकेट मागे न नेता, मनगट घट्ट ठेवून, मधोमध खोल ढकलायची. समोरच्याच्या रॅकेटला चेंडू लागण्याच्या क्षणी दोन्ही पाय एकदम जमिनीला टेकलेले असावेत. पळता पळता घेतलेली व्हॉली नेटमध्ये जाते, आणि दोष मात्र हाताला दिला जातो.

रिटर्न

सगळ्यात कमी सराव याचा होतो, आणि सामने यावरच सुटतात. नेट मध्ये ०.९१४ मीटर उंच असतं आणि खांबापाशी १.०७ मीटर. म्हणून तिरका, खाली राहणारा रिटर्न नेटच्या सर्वांत बुटक्या भागावरून, सर्व्हिस करून पुढे येणाऱ्याच्या पायाशी टाकायचा. हा पहिला फटका. दुसरा, नेटवरच्या माणसाच्या डोक्यावरून लॉब. तिसरा, त्याच्या अंगावर किंवा अ‍ॅलीत सरळ. तिसरा पहिल्या दोन-तीन गेममध्ये एकदा तरी मारून ठेवावा, गुण गेला तरी चालेल. त्याने पोच करणारा पुढे जागेवर खिळतो.

समोरच्याची पहिली सर्व्हिस परतवता येत नसेल तर जोडीदाराला नेटवरून मागे बेसलाइनवर आणावं. त्यात लाज नाही. दोघं मागे असले की पोच करणाऱ्याला मारायला जवळचं लक्ष्य उरत नाही आणि तो चुकायला लागतो.

निर्णायक गुण आणि दहाचा टायब्रेक

एटीपी स्पर्धा आणि चॅलेंजरमध्ये ४०-४० झालं की एकच गुण, आणि एक-एक सेट झाला की तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक (आधी दहा गुण, दोनच्या फरकाने). ग्रँडस्लॅमच्या पुरुष दुहेरीत मात्र अ‍ॅडव्हान्टेज असतो, म्हणजे ४०-४० नंतर सलग दोन गुण घ्यावे लागतात, आणि तिसरा सेट पूर्ण खेळतात. त्यात ६-६ झाल्यावर दहाचा टायब्रेक.

निर्णायक गुणाला कोण रिटर्न करणार हे परतवणारी जोडी ठरवते. त्या क्षणी कोर्टवर चर्चा करू नये. चेंजओव्हरला (बाजू बदलतानाच्या विश्रांतीत) बसल्यावरच ठरवावं की पुढच्या गेममध्ये ४०-४० झालं तर कोण. ज्याचं नाव मोठं त्याला नव्हे, त्या दिवशी ज्याचे जास्त रिटर्न आत पडलेत त्याला द्यावं. मिश्र दुहेरीत ही निवड नसते: सर्व्हिस पुरुषाची असेल तर पुरुषच रिटर्न करतो, स्त्रीची असेल तर स्त्री.

तिसऱ्या सेटऐवजी खेळल्या जाणाऱ्या टायब्रेकमध्ये नवीन सेटप्रमाणे जोडीला आपला सर्व्हिसचा आणि रिटर्नचा क्रम बदलता येतो. हे पुष्कळांना ठाऊक नसतं. क्रम मोजून पाहा. समोरची जोडी सुरुवात करणार असेल तर तुमच्यातला पहिला खेळाडू २, ३, १०, ११, १८, १९ हे गुण सर्व्ह करतो आणि दुसरा ६, ७, १४, १५. तेव्हा भरवशाची सर्व्हिस आधी ठेवावी. तुम्ही सुरुवात करणार असाल तर पहिल्याच्या वाट्याला १, ८, ९, १६, १७ येतात आणि दुसऱ्याच्या ४, ५, १२, १३. इथे फरक कमी आहे, पण बरोबरीत लांबलेला टायब्रेक पुन्हा पहिल्याच्याच हातात येतो.

पहिला सेट गेला म्हणून सामना गेला, असं या पद्धतीत मुळीच नसतं. २०२२ साली पुण्यात बालेवाडीला बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन यांनी ल्यूक सॅव्हिल आणि जॉन-पॅट्रिक स्मिथ यांच्याविरुद्धची अंतिम लढत ६-७, ६-३, १०-६ जिंकली. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ३० सप्टेंबर २०२३ रोजी बोपण्णा आणि ऋतुजा भोसले यांनी मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं ते २-६, ६-३, १०-४ असं. पहिला सेट २-६ गमावलेल्या जोडीने तासाभराने टायब्रेक १०-४ घेणं, हे दुहेरीत शक्य असतं. म्हणून सरावात आठवड्यातून निदान चार वेळा नुसते दहाचे टायब्रेक खेळावेत, थकलेले असताना, सरावाच्या शेवटी.

शरीर आणि पैसे

दुहेरीत पळणं कमी, पण थांबणं, वाकणं आणि डोक्यावरचे फटके जास्त. खांदा, गुडघा आणि पोटरी यांवर ताण येतो. रबर बँडने खांद्याचे बाहेरच्या फिरण्याचे व्यायाम, १५चे तीन संच, दिवसाआड. बोपण्णाच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजलेली होती आणि अय्यंगार योगाने आपल्याला पुन्हा उभं केलं, असं त्याने जाहीरपणे सांगितलं आहे. हा योग जगभर गेला तो पुण्यातूनच.

पैशांचं मात्र खरं बोलायला हवं. एम-१५ची दुहेरी जिंकल्यावर जोडीला हजार डॉलरसुद्धा मिळत नाहीत. ते दोघांत वाटायचे, त्यातून त्या देशाचा कर कापलेला. कर कापल्याचं प्रमाणपत्र प्रत्येक स्पर्धेतून निघण्यापूर्वी मागून घ्यावं, नाहीतर भारतात विवरण भरताना ती रक्कम वजा करता येत नाही. खोली जोडीदाराबरोबर घ्यावी. स्ट्रिंग सुटी न घेता २०० मीटरची रीळ घ्यावी. एका रॅकेटला सुमारे १२ मीटर लागते, म्हणजे रिळात सोळा रॅकेट होतात. नेटवरच्या नाजूक फटक्यांसाठी आडव्या तारा मऊ ठेवून हायब्रिड बांधणी (उभ्या आणि आडव्या तारा वेगवेगळ्या प्रकारच्या) बऱ्याच जणांना मानवते. चार रॅकेट सारख्याच ताणाच्या असाव्यात. क्रीडा कोट्यातली नोकरी मिळत असेल तर घ्यावी. युरोपातल्या क्लब लीगचे सामने मिळाले तर प्रवासाचा खर्च निघतो.

आणि रविवारी रात्री, जिंकलात किंवा हरलात तरी, वही उघडावी. गेल्या वर्षी याच आठवड्यात मिळालेले गुण ५२ आठवडे पूर्ण झाल्यावर सोमवारी खात्यातून जातात. ते वजा करून आपला आणि जोडीदाराचा नवा क्रमांक अंदाजाने लिहावा, आणि तीन आठवड्यांनंतरच्या स्पर्धेची मुदत किती वाजता संपते ते पाहावं.